एमजीबीचा डॅशबोर्ड आणि आतील पॅनेल उतरवण्याची पद्धत

इंग्लंडमधील ऍबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी रोडस्टरचा (उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीचा) डॅशबोर्ड उतरवणे हे फार कौशल्याचे काम नाही, पण ते विलक्षण चिकाटीचे काम आहे. एकूण वेळापैकी बराचसा वेळ गाडीत उताणे पडून, हाताला लागणाऱ्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या नटांशी झटापट करण्यात जातो. येथे मुख्यतः मुद्दाम सुरकुत्या पाडलेल्या काळ्या रंगाच्या, पत्र्याच्या डॅशबोर्डाचा विचार केला आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना तिथल्या सुरक्षा नियमांमुळे १९६८ पासून फोमचा जाड डॅशबोर्ड बसवला जाऊ लागला आणि त्याला गमतीने ‘ऍबिंग्डनची उशी’ म्हटले जाते. त्याचाही क्रम साधारण असाच असतो, फक्त जुना फोम तडकतो म्हणून तो वरच्या कडेला धरून कधीही ओढू नये.

काम सुरू करण्यापूर्वी हत्यारांकडे नीट लक्ष द्यावे. या गाडीचे बहुतेक बोल्ट यूएनएफ या इंची मापाच्या बारीक आट्यांचे असल्यामुळे इंचांतले पाने लागतात, आणि त्यांतही ७/१६ व १/२ इंच या मापांचे पाने सर्वाधिक वापरात येतात. १/२ इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो खरा, पण तो किंचित सैल असतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. मीटर आणि विजेच्या काही जोडण्यांवर मात्र बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे छोटे नट आढळतात. फुलीच्या खाचेचे बरेच स्क्रू पॉझिड्राइव्ह प्रकारचे असतात. त्यांत साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घातला तर तो घसरतो आणि खाच खराब होते. याखेरीज लांब एक्स्टेन्शन, डोक्याला बांधायचा दिवा, मास्किंग टेप, न पुसली जाणारी शाई आणि झिपच्या लहान पिशव्या हाताशी असाव्यात.

सर्वांत आधी बॅटरी तोडावी. १९७४ च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांत सीटांच्या मागे, फळीखालील झाकणाआड सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यानंतर बारा व्होल्टची एकच बॅटरी आली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते, म्हणून ‘आधी ऋण टोक काढा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे डोळे मिटून पाळू नये. जी जाड केबल पत्र्याला जोडलेली आहे ती प्रथम काढावी, मग ती धन असो वा ऋण. डॅशबोर्डाच्या मागील तपकिरी वायरींमध्ये किल्ली बंद असतानाही, आणि मध्ये कोणताही फ्यूज नसताना, वीज खेळत असते; तिथे पाना टेकला तर संपूर्ण वायरिंग जळू शकते.

त्यानंतर दोन्ही सीट काढाव्यात. पुष्कळ जण ही पायरी टाळतात आणि नंतर पाठ धरून बसतात. सीट पूर्ण मागे सरकवल्यावर रुळांचे पुढचे बोल्ट मोकळे दिसतात आणि पुढे सरकवल्यावर मागचे. हे बोल्ट जमिनीच्या पत्र्यात पक्क्या केलेल्या नटांमध्ये शिरतात, आणि खालून चिखल-पाणी लागून ते गंजलेले असतात. आदल्या रात्री गाडीखालून गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि बोल्ट एका दमात न फिरवता थोडा सोडून पुन्हा थोडा आवळत बाहेर आणावा. आतला नट सुटून फिरू लागला, तर पंधरा मिनिटांचे काम वेल्डिंगपर्यंत जाते. रुळांखाली असलेल्या लाकडी पट्ट्या आणि वॉशर यांची जागा ठरलेली असते, म्हणून ते त्याच बोल्टांसोबत पिशवीत ठेवावेत.

दरवाजांची पॅनेल तुलनेने लवकर निघतात. काच फिरवण्याच्या हँडलच्या मध्यभागी एक स्क्रू असतो. तो आणि दरवाजा ओढण्याच्या पट्ट्याचे वा आर्मरेस्टचे स्क्रू काढल्यावर पॅनेल केवळ कडेच्या स्प्रिंग क्लिपांवर उरते. रुंद, चपटा उचकटा क्लिपच्या अगदी शेजारी सरकवून एकेक क्लिप सोडवावी. दोन क्लिपांच्या मधोमध जोर लावल्यास ओल खाऊन फुगलेला हार्डबोर्ड क्लिपभोवती फाटतो आणि क्लिप दरवाजातच राहते. फाटलेले पॅनेलही टाकून देऊ नये, कारण नवे कापण्यासाठी त्याच्याइतका अचूक नमुना दुसरा मिळत नाही.

हाच नियम कार्पेटलाही लागू आहे. जमिनीवरचे तुकडे बटणांनी अडकवलेले असतात, पण गिअरबॉक्सच्या बोगद्यावरचे आणि दरवाजाखालच्या पट्ट्यांवरचे तुकडे गोंदाने चिकटवलेले असतात. हेअर ड्रायरने ऊब देत ते सावकाश सोलावेत. त्यांच्याखाली डांबरी, आवाज शोषणारे पट्टे किंवा हीटरजवळ जुने उष्णतारोधक बोर्ड आढळले, तर ते कोरडे खरवडू नयेत आणि सँडपेपरने घासूही नयेत. त्या काळातील अशा साहित्यात ऍस्बेस्टॉस असू शकतो. शंका असल्यास ते जसेच्या तसे राहू द्यावेत किंवा तपासून घ्यावेत.

आता मुख्य काम. प्रथम गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर वा चामड्याचे आवरण आणि त्याची कडी काढावी, मग रेडिओचा कन्सोल पुढे ओढून त्यामागील वायरी सोडवाव्यात. प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी तिला टेपची चिठ्ठी लावावी आणि त्यावर ती कोणत्या मीटरच्या वा स्विचच्या कोणत्या टोकाला होती, ते लिहावे. मोबाइलवर फोटो काढले की चिठ्ठ्यांची गरज नाही, असे सांगणारे बरेच भेटतात, पण माझे मत त्याउलट आहे. अर्धशतक उन्हात राहिलेली जांभळी वायर फोटोत तपकिरी दिसते आणि पांढरी पिवळट. रंगांची मूळ पद्धत मात्र डोक्यात असावी: तपकिरी वायर फ्यूजविना कायम जिवंत, जांभळी फ्यूजमधून कायम जिवंत, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवी त्याच प्रवाहातून फ्यूजनंतर निघालेली, लाल ही बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थिंगची. पट्टा असलेल्या वायरीत मुख्य रंग आधी आणि पट्ट्याचा रंग नंतर लिहावा.

स्मिथ्स बनावटीचे मीटर मागून यू आकाराच्या कंसांनी धरलेले असतात आणि ते कंस बोटांनी फिरवता येतील अशा खाचेदार नटांनी आवळलेले असतात. याच नटांखाली बहुधा काळी अर्थिंगची वायर असते. तिची नोंद अवश्य करावी, कारण परत जोडताना ती राहून गेली तर मीटरच्या दिव्यांचा प्रवाह भलत्याच मार्गाने परततो आणि इंडिकेटर लावला की इंधनाचा काटा हलणे असले चमत्कार दिसू लागतात. स्पीडोमीटरची केबल आणि किलोमीटर शून्यावर आणणाऱ्या बटणाची बारीक केबल मीटर बाहेर ओढण्यापूर्वीच सोडवावी. सुरुवातीच्या गाड्यांच्या आरपीएम मीटरला तर खास जपावे लागते. त्यात इग्निशनची पांढरी वायर मीटरच्या पाठीवरील प्लॅस्टिकच्या ठोकळ्याभोवती वळसा घेऊन जाते आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहावरून मीटर इंजिनाचा वेग मोजतो. हा वळसा कोणत्या बाजूने आत जातो आणि कोणत्या बाजूने बाहेर येतो, हे कागदावर रेखाटून ठेवावे. तो उलटा बसला तर इंजिन चालते, पण काटा जागचा हलत नाही.

तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान एकत्र दाखवणारा जोडमीटर हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. दाबाच्या बाजूला इंजिनातून थेट तेल आणणारी बारीक नळी येते. ती सोडवताना खाली फडके धरावे आणि नळीच्या टोकाशी असलेला चामड्याचा इवलासा वॉशर पडू देऊ नये. तो पडला तर बहुतेक वेळा कार्पेट नसलेल्या जमिनीवरच सापडतो, म्हणूनच कार्पेट आधी काढलेले बरे. ही नळी जोडलेली नसताना इंजिन चालू केले तर तेलाची चिळकांडी थेट केबिनमध्ये उडते. तापमानाच्या बाजूला मात्र मीटर, केसासारखी तांब्याची नळी आणि टोकाचा फुगा हे एकच बंदिस्त उपकरण असते. ती नळी कापली, मोडली वा तिला पीळ पडला तर आतला द्रव निघून जातो आणि मीटर कायमचा निकामी होतो. म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पातळीखाली येईल एवढे काढून घ्यावे आणि हेडमधील नट सोडवताना नळी दुसऱ्या हाताने स्थिर धरावी. नट नळीला गंजून चिकटला असेल तर नळी त्याच्याबरोबर फिरू लागते. तसे दिसताच थांबावे, तेल मारून वाट पाहावी आणि नट मागेपुढे हलवत मोकळा करावा. फुगा बाहेर आल्यावर नळी बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याच्या भिंतीच्या) भोकातील रबरी कडीतून हलकेच आत घ्यावी आणि मोठ्या वर्तुळात गुंडाळून मीटरलाच बांधून ठेवावी.

स्विच आणि हीटरची बटणे त्यामानाने सरळ असतात, फक्त ती ओढून निघत नाहीत. हीटरच्या गोल बटणाच्या बाजूला एक बारीक भोक असते; त्यात टाचणीसारखी वस्तू घालून आतली स्प्रिंगची खीळ दाबली की बटण हातात येते आणि मागचा नट उघडा पडतो. जुन्या टॉगल स्विचांची गोल कडी दोन खाचांची असते आणि ती सर्क्लिपच्या पकडीने फिरवता येते. ओरखडे टाळायचे असतील तर सभोवती टेप लावावा. चोकची केबल कार्ब्युरेटरच्या टोकाशी सोडवून, डॅशबोर्डामागील नट काढून अलग करावी. इंधनमीटरसाठी व्होल्टेज सरासरी दहा व्होल्टवर ठेवणारा छोटा स्टॅबिलायझरही मागेच बसवलेला असतो. त्याला पत्र्याची अर्थिंग लागते आणि तो ठरावीक दिशेनेच उभा बसवावा लागतो, म्हणून त्याची मूळ स्थिती टिपून ठेवावी.

त्यानंतर स्टिअरिंगचा खांब खाली घ्यावा. वरच्या कंसाचे बोल्ट सोडवताना मध्ये बारीक पॅकिंग वॉशर सापडले तर कोणता कुठे होता हे लिहून ठेवावे, कारण खांबाचा खालच्या सांध्याशी असलेला सरळपणा त्यांच्यावरच अवलंबून असतो. नंतरच्या काळातील, धडकेत आखडणाऱ्या खांबावर हातोडीचा एकही घाव घालू नये.

डॅशबोर्डाच्या वरच्या कडेला जडवलेले आट्यांचे खिळे (स्टड) काचेखालच्या पत्र्यातून खाली येतात आणि त्यांना मागून नट लागलेले असतात. काही नट खालून हाताला लागतात. उरलेल्यांपर्यंत स्पीडोमीटर आणि आरपीएम मीटरच्या मोकळ्या भोकांतून एक्स्टेन्शन घालून पोहोचता येते, आणि मीटर आधी काढण्याचे खरे कारण हेच आहे. खालच्या कडेचे आणि दोन्ही टोकांचे स्क्रू सर्वांत शेवटी काढावेत, म्हणजे तोवर डॅशबोर्ड लोंबकळत नाही. तो पुढे ओढताना दोन माणसे असावीत: एकाने डॅशबोर्ड धरावा, दुसऱ्याने मागे हात घालून राहिलेली वायर, काचेकडे जाणारी हवेची नळी वा वॉशर पंपाची नळी शोधावी. डॅशबोर्ड एका जागी अडला तर तिथे अजून एक बांधणी शिल्लक आहे असे समजावे. जोर लावल्यास पत्रा वाकतो आणि सुरकुतलेला रंग नेमका दर्शनी भागात तडकतो.

डॅशबोर्ड बाहेर आला आणि कन्सोलही निघालेला आहे, तेव्हा हीटरला हवा पुरवणाऱ्या कप्प्याची रबरी निचरा-नळी अवश्य पाहून घ्यावी. काचेखालच्या जाळीतून आत शिरणारे पावसाचे पाणी हिच्यातूनच गाडीखाली जाते. पानांच्या चोथ्याने ती तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरते आणि जमिनीचा पत्रा सडतो. नळी काढून धुवावी, चिरली असेल तर बदलावी, आणि पुन्हा बसवल्यावर जाळीतून तांब्याभर पाणी ओतून ते खरोखर गाडीखाली पडते आहे याची खात्री करूनच वायरिंगच्या कामाला हात घालावा.