रानअळंबी प्रयोगशाळेत वाढवायची तर नमुना याच पावसात धरा

पहिले दमदार पाऊस पडून दमट उकाडा धरला, की कुजक्या ओंडक्यांवर आणि काडीकचऱ्यात रानअळंबी दिसायला लागते. तिची शुद्ध बुरशी धरायची असेल तर माध्यमाच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्याच्या, प्लेट आधी तयार ठेवा, मगच रानात जा. कोवळी अळंबी एक-दोन दिवसांत उघडते आणि तिला किडे लागतात.

धरायची कोणती, इथेच बहुतेकांचा हंगाम वाया जातो. सगळ्यांचा डोळा वारुळावरच्या अळंबीवर. चव तिचीच, हे मलाही मान्य आहे. पण वाळवी वारुळात बुरशीची जी बाग सांभाळते, तिच्यातून ती वर येते. प्लेटवर तिचे तंतू वाढवता येतात, पण वाळवीविना फळ धरवण्याची भरवशाची पद्धत हाती आलेली नाही. जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेल्या अळंबीचंही बहुतेक तसंच. नवख्यानं लाकडावर किंवा पेंढ्यावर जगणारीच घ्यावी: रानधिंगरी, कानाच्या आकाराची अळंबी, पेंढ्यावरची अळंबी. आज सर्रास पिकणारी दुधी अळंबीही रानातलीच. १९७४ साली पश्चिम बंगालमधल्या नमुन्यावरून तिची शास्त्रीय नोंद झाली.

ओळख मात्र जाणकार अळंबीतज्ज्ञाकडूनच पटवा. किड्यांनी खाल्ली म्हणजे चालते, चांदी काळी पडली नाही म्हणजे चालते, हे आडाखे खोटे आहेत. अमॅनिटा या रानअळंबीच्या गटातल्या काहींचं विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. तोवर विष अंगात भिनलेलं असतं. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा रंग दिसतो. तो कागद, फोटो आणि वाळवलेला एक नमुना जपून ठेवा.

नमुना कोवळा, घट्ट हवा. पावसानं चिंब झालेला नको, त्यात जिवाणू भरलेले असतात. प्लास्टिकमध्ये घाम फुटतो, म्हणून कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी काम उरका.

माध्यम साधंच: २०० ग्रॅम बटाट्याचा उकळून गाळलेला अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगर, पाणी घालून एक लिटर. १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं निर्जंतुक करा.

आता खरं हाताचं काम. हात आणि टेबल ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. ते पूर्ण उडून गेल्यावरच दिवा पेटवा. अळंबीच्या देठाला बुडाशी छोटी चीर द्या आणि दोन्ही हातांनी उभी फाडा. सुरी आरपार नेलीत तर बाहेरची घाण आत जाते. देठ टोपीला मिळतो तिथला आतला पांढराशुभ्र गर, जिथे हवा किंवा बोट लागलेलं नाही, तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तापवून गार केलेल्या पात्यानं उचला आणि माध्यमावर ठेवा. एका नमुन्याच्या पाच-सहा प्लेट करा. कानाच्या अळंबीत असा गर मिळत नाही. तिचा तुकडा झाकणाला आतून चिकटवा, बीजाणू खाली पडतात. गरातून मूळ अळंबीचाच वाण मिळतो, बीजाणूंतून मात्र गुणांत फरक पडतो.

प्लेट २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि रोज बघा. दोन-तीन दिवसांत तुकड्याभोवती पांढरी लव फुटली तर ती बहुधा आपली. चिकट, चकचकीत ठिपके म्हणजे जिवाणू. हिरवी भुकटी दिसली तर प्लेट उघडूच नका, बंदच निर्जंतुक करून टाका. हिरव्या बुरशीचे बीजाणू एकदा खोलीत उडाले की पुढच्या प्लेटही हातच्या जातात. स्वच्छ वाढीच्या कडेचा तुकडा नव्या प्लेटवर घ्या, मधला जुना भाग नको.

पुढे स्पॉनसाठी, म्हणजे अळंबीच्या बियाण्यासाठी, गहू किंवा ज्वारी दाणा न फुटता शिजवा आणि वरचं पाणी सुकवा. किलोला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळा. हे दाणे बाटल्यांत भरून बाटल्या १२१ अंशांना दीड ते दोन तास ठेवा. गार झाल्यावर त्यांत प्लेटवरच्या स्वच्छ वाढीचे तुकडे घाला. पहिली चाचणी स्पॉन मिसळलेल्या पेंढ्याच्या चार-पाच पिशव्यांचीच करा. फळ धरताना ८० ते ९० टक्के आर्द्रता आणि खेळती हवा लागते. धिंगरीचे देठ लांब, टोप्या बारीक आल्या तर हवा कोंडली आहे असं समजा. आलेली अळंबी आणि तिचा बीजाणूंचा ठसा रानातल्या नमुन्याशी ताडून तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय खाऊ नका.

शुद्ध बुरशी जपायची तर ती माध्यम भरलेल्या काचेच्या नळ्यांत ठेवतात. धिंगरीच्या नळ्या फ्रिजमध्ये ४ अंशांना टिकतात. पेंढ्यावरची अळंबी मात्र त्या थंडीत मरते. तिची नळी १५ अंशांच्या वरच ठेवा आणि महिना-दीड महिन्यानं नव्या माध्यमावर घ्या.