पियानोवर खार उतरवताना

प्राण्याच्या हालचालीवरून छोटी रचना बांधायची असेल, तर पियानोला हात लावण्याआधी तो प्राणी नुसता पाहत बसावे. खार वेगाने पळते हे सर्वांनाच ठाऊक असते. पण ती चार पावले पळून अचानक थिजते, शेपूट झटकते आणि पुन्हा पळते, हे बारकाईने पाहणाऱ्याच्याच लक्षात येते. माझ्या मते या रचनेचा जीव त्या थिजण्यात आहे. फ्रेंच संगीतकार सां-साँस यांनी 1886 साली कांगारूंसाठी लिहिलेल्या तुकड्यातही उड्या वर चढताना लय वाढते आणि खाली येताना मंदावते, म्हणजे नक्कल चालीची आहे, आवाजाची नाही.

दोन मात्रांचा बार, म्हणजे तालाचा एक खंड, घ्यावा. उजव्या हाताचा अंगठा मिडल सीवर, म्हणजे पियानोच्या मधल्या सी पट्टीवर, ठेवून पहिल्या मात्रेत सी, डी, ई, एफ हे चार स्वर सलग वाजवावेत, दुसरीच्या आरंभी जी तोडून, म्हणजे स्टॅकॅटो, वाजवावा आणि उरलेली अर्धी मात्रा पूर्ण शांत ठेवावी. पुढच्या बारची पहिली मात्राही रिकामीच राहू द्यावी. दुसरीवर चौथे बोट एफच्या वरच्या काळ्या पट्टीला निसटता स्पर्श करून लगेच पाचव्या बोटाने जी वाजवला, की शेपटीचा झटका हुबेहूब ऐकू येतो. थिजण्याची ही विश्रांती शिकणाऱ्यांकडून हमखास आखूड होते, म्हणून मात्रा तोंडाने मोजाव्यात आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, आधी मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून, स्वर एकसारखे पडू लागल्यावरच 88 पर्यंत न्यावा. स्वर लांबवणारे पेडल वापरू नये, कारण त्याने शांतता पुसली जाते.

झाडावर चढण्यासाठी डाव्या हाताने सी ते एफ आणि लगोलग उजव्याने जी ते वरचा सी असे चार-चार स्वर वाटून घ्यावेत, म्हणजे अंगठा बोटांखालून न्यावा लागत नाही. मग डावा हात उजव्यावरून ओलांडून पुढचे सप्तक सुरू करतो. येथे आवाज वाढवण्याचा मोह होतो, पण खार दूर जात असल्याने तो कमी करत न्यावा. मनगट सैल आणि बोटे पट्टीलगत असावीत.

शेवट सीवर करू नये. सर्वात वरचा जी हलकेच तोडून वाजवावा आणि हात तिथेच, पट्ट्यांच्या किंचित वर, दोन मात्रा स्थिर धरावा.