ब्रेकचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? वॉरंटीतल्या गाडीबाबत या चुका टाळा

वॉरंटीतल्या गाडीचा ब्रेकचा दिवा पहिल्यांदा लागला की सर्व्हिस सेंटरवाले लगबग करतात. तोच दिवा तिसऱ्यांदा लागला की उत्तर येतं, ‘चेक केलं साहेब, काही सापडलं नाही.’ दरवेळी ती टाळाटाळच असते असं नाही. वायर आतून अर्धवट तुटली असेल, तर उभ्या गाडीत दोष खरंच दिसत नाही. पण तो सिद्ध करायची साधनं बरेचदा मालकाच्याच हातून वाया जातात.

रंग न बघताच गाडी हाकणं

वर्तुळातलं लाल उद्गारचिन्ह दिसलं तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, मग ब्रेक ऑइलची पातळी. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ, म्हणजे फिरायची थांबून घसरू न देणारी यंत्रणा. नुसता पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. अशी गाडी हळू, अंतर राखून सर्व्हिस सेंटरपर्यंत नेता येते. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. तेव्हा टोइंगच बोलवा. पेडल मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर दिवा कोणताही असो, गाडी जागची हलवू नका.

वरून ऑइल ओतून दिवा घालवणं

ब्रेकचे पॅड झिजले की ते चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, मागची जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली पातळी उतरते. ऑइल ओतलं की दिवा जातो, झिजलेले पॅड तसेच राहतात. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पॅड झिजणारे म्हणून वॉरंटीत धरत नाहीत. गळका मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलवर देणारा भाग) किंवा कॅलिपर मात्र सहसा वॉरंटीत बसतो. म्हणून ओतण्याआधी पातळीचा फोटो काढा. आणि मागच्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकला हा फरक नडतो.

नाक्यावरच्या गॅरेजात कोड उडवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून कोड उडवला की दिवा जातो, आणि सोबत दोषाची नोंदही. अनेक गाड्यांत दोष आला तेव्हाचा वेगही त्या नोंदीत असतो. मग सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर पाटी कोरी. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर तर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात, ते त्यांना दिसतच नाहीत.

त्यापेक्षा शेजारी बसलेल्याला डॅशबोर्डचा फोटो काढायला सांगा, किलोमीटर दिसतील असा. दिवा कधी लागतो ते लिहून ठेवा. वेग घेतल्यावर लागत असेल तर चाकाचा स्पीड सेन्सर किंवा त्याची रिंग. एकाच बाजूला वळताना लागत असेल तर ताणली जाणारी वायर. सकाळच्या पहिल्या स्टार्टला लागून नंतर जात असेल तर बॅटरी. मागचे ब्रेक लाइटही दगा देत असतील तर पेडलजवळचा स्विच. हे अंदाजच आहेत, पण मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळतं. ‘पावसात असं होतंच’ हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. एबीएसची खरी गरज पावसातच असते.

जॉब कार्डवर ‘ब्रेक चेक’ एवढंच लिहू देणं

सर्व्हिस सेंटरला गाडी देताना तक्रार ज्या कागदावर नोंदवतात ते जॉब कार्ड. त्यावर ‘चाळिसच्या पुढे डाव्या वळणावर एबीएस दिवा लागतो, हीच तक्रार आधीही दिली होती’ असं शब्दशः लिहून घ्या, मगच सही करा. टेक्निशियनला सोबत घेऊन तोच रस्ता, तोच वेग धरा. स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा. दोष सापडला नाही तर तेही लेखी घ्या. बाहेरून वायर कापून हॉर्न किंवा लाइट बसवला असेल तर लपवू नका. त्या जोडामुळेच बिघाड निघाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का, तेही कंपनीच्या साइटवर बघा. तरीही तोच दिवा लागला तर सगळी जॉब कार्डं जोडून कंपनीला ईमेल करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. गरज वाटली तर आयोग दोषाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेऊ शकतो.