सामुदायिक अन्नकेंद्र कसे उभारावे

भुकेल्या माणसाला धान्याची पिशवी देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि पुष्कळदा तो आवश्यकही असतो. परंतु पिशवी घेऊन गेलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच रांगेत उभा दिसतो, पिशवीत काय असावे हे त्याला कोणी विचारलेले नसते, आणि जवळच्या शिवारातील शेतकऱ्याचा माल मात्र उठाव नसल्याने पडून राहतो. या गाठी एकाच ठिकाणी सोडवता याव्यात म्हणून सामुदायिक अन्नकेंद्र असते. कॅनडातील टोरांटो येथील ‘द स्टॉप’ ही संस्था फूड बँक, म्हणजे गरजूंना धान्य वाटणारे केंद्र, म्हणून सुरू झाली आणि पुढे तिने सामूहिक स्वयंपाकघर, बाग आणि शेतकऱ्यांचा बाजार यांची जोड दिली; त्याच अनुभवातून २०१२ साली देशभर अशी केंद्रे उभी करण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

सुरुवात भांडी आणि शेगड्यांच्या खरेदीपासून करू नये. आधी महिना-दोन महिने परिसरातील लोकांशी बोलावे आणि कोणाचे जेवण केव्हा चुकते हे समजून घ्यावे, कारण पगार संपल्यावर महिनाअखेरीस ओढाताण होणारे कुटुंब, एकट्याने राहणारे वृद्ध आणि रात्रपाळीचे कामगार यांच्या गरजा एका वेळापत्रकात बसत नाहीत. त्यानंतर आठवड्यातून एकच जेवण, पण ठरलेल्या दिवशी आणि न चुकता, सुरू करावे. जेवणाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याला गरज नाही असा एखादा माणूस जेवून गेला तर केंद्राचे फारसे बिघडत नाही, पण दाखल्याच्या संकोचाने एखादा गरजू दारातूनच परतला, तर ज्याच्यासाठी केंद्र उघडले तोच उपाशी राहतो.

पदार्थ ठरवताना पोट भरणे आणि प्रकृती सांभाळणे या दोन्ही गोष्टींचा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. म्हणून ताटात भाज्या आणि डाळी-कडधान्ये भरपूर असावीत, शक्य तेथे अख्ख्या धान्याचा वापर करावा आणि मीठ हाताच्या अंदाजाने न घालता मोजून घालावे.

स्वच्छतेइतकीच तापमानाची शिस्त महत्त्वाची आहे, आणि नवे केंद्र बहुधा येथेच चुकते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांना शिजवावे, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे आणि शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये. मोठ्या पातेल्यातील भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो, आणि शिजवूनही टिकलेले जंतूंचे बीजाणू त्यात वाढून विष तयार करतात. हे विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होईलच असे नाही. त्यामुळे उरलेले अन्न उथळ ताटांत पसरून लवकर थंड करावे आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. स्वयंपाकघरात एक थर्मामीटर आणि नोंदीची वही असलीच पाहिजे.

शेतकऱ्याशी व्यवहार पेरणीपूर्वी करावा. हंगामात किती माल लागेल, कोणत्या आठवड्यात लागेल आणि काय भाव मिळेल हे लेखी ठरवून काही रक्कम आगाऊ दिली, तर लहान शेतकऱ्याला बियाण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ टळू शकते आणि केंद्रालाही ताजा माल निश्चितपणे मिळतो. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून ‘तेइकेई’ नावाने ग्राहकगट आणि शेतकरी यांच्यात अशी थेट बांधिलकी चालत आली आहे. आकाराने वाकडा पण चांगला माल अवश्य घ्यावा. मात्र केवळ उरलासुरला माल फुकट मागणारे केंद्र शेतकऱ्याच्या काहीच उपयोगाचे नाही.

आवारात जागा असल्यास बाग करावी. शहरातील जुन्या जागेच्या मातीत शिसे असू शकते, त्यामुळे आधी माती तपासून घ्यावी आणि शंका असल्यास बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करावेत. स्वयंपाकघरातील भाज्यांच्या देठा-सालींमध्ये दुप्पट-तिप्पट वाळलेला पालापाचोळा मिसळला, तर खत दुर्गंधीशिवाय तयार होते.

जेवायला येणाऱ्यांपैकी काहींना पहिल्या महिन्यापासूनच चिरणे, शिजवणे आणि खरेदी ठरवणे या कामांत घ्यावे. सहा महिन्यांनी खरेदी समितीत त्यांच्यापैकी कोणीच नसेल, तर समितीची बैठक केव्हा होते हे तपासावे. ती जेवण आटोपल्यावर, त्याच टेबलांभोवती घ्यावी, म्हणजे दिवसभराच्या कामानंतर पुन्हा वेगळा वेळ काढणे ज्यांना शक्य नाही त्यांनाही बोलता येईल.