सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करताय? या चुका टाळा

सिगारेट सोडताना व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, आधार घेतला तर फुप्फुसांच्या प्रतिकारशक्तीचं काय होतं, हा प्रश्न थीसिससाठी घेऊन हल्ली मुंबईत कुणी ना कुणी रेसिडेंट येतोच. प्रश्न चांगला आहे. पण आराखडा बहुतेकदा ओपीडीतल्या पहिल्या पाच मिनिटांत फसतो, प्रयोगशाळेची पायरी चढायच्या कितीतरी आधी.

नुसतं "सिगारेट ओढता का?" विचारणं

ही चूक मी स्वतः केली आहे. लालबागचे एक गृहस्थ होते. सिगारेट सुटून चार महिने झाले, म्हणाले. लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनची खूण, भरपूर; श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुराची खूण, मात्र जेमतेम. आम्ही मनातल्या मनात त्यांना खोटं ठरवून मोकळे. तिसऱ्या भेटीत त्यांनीच खिशातून चुन्याची डबी काढली. "तंबाखू मळतो ना डॉक्टरसाहेब, सिगारेट कुठं ओढतो?" आम्ही विचारलंच नव्हतं.

निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन तयार होतं. ते निकोटिन सिगारेटचं, व्हेपचं, सिगारेट सोडायला चघळतात त्या निकोटिन गमचं की तळहातावर मळलेल्या तंबाखूचं, हे कोटिनिन सांगत नाही. परदेशी पेपरातली पद्धत जशीच्या तशी उचलली की इथे हमखास घोळ होतो. २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. बायकांना तर मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं. "तंबाखू खाता का?" याला "छे, छे" असं उत्तर येतं, आणि ते त्यांच्या परीने खरंही असतं, कारण मिश्री दाताला लावायची गोष्ट. मावा, गुटखा, खैनी, बिडी, हुक्का, सगळी नावं एकेक करून घ्या. वेळ जातो, जाऊ द्या.

कार्बन मोनॉक्साइडवर एकट्यावर विसंबू नका. त्याचं प्रमाण चार-सहा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे काल संध्याकाळी ओढलेली सिगारेट आज दुपारच्या ओपीडीत सापडत नाही. एनएनएएल नावाची लघवीची तपासणी परदेशात सिगारेट पकडायला वापरतात. आपल्याकडे तीही फसवते, कारण त्यामागची नायट्रोसामाइन्स ही घातक रसायनं चघळायच्या तंबाखूतही असतात. परवडत असेल तर लघवीतलं सीईएमए हे रसायन मोजा. ते मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातून येतं, म्हणून चोरून ओढलेली सिगारेट त्यात दिसते.

तुलनेचा गट चुकणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. व्हेप ओढणाऱ्यांची तुलना कधीच सिगारेट न ओढलेल्यांशी केली, तर जुन्या सिगारेटचं पाप व्हेपच्या खात्यावर जमा होतं. चालू सिगारेटवाल्यांशी केली, तर सिगारेट सुटल्याचं पुण्य व्हेप लाटतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या २०१८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात व्हेप ओढणाऱ्यांच्या कफात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, चवताळल्याच्या खुणा दिसल्या. काम महत्त्वाचंच, पण त्या १५ जणांपैकी १२ जण पूर्वी सिगारेट ओढायचे आणि ५ जण अधूनमधून तेव्हाही ओढत होते. असा पेपर उद्धृत करताना हे आकडेही सोबत द्या.

सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, कितीतरी पट वाढलेल्या असतात. सिगारेट सुटल्यावर त्या हळूहळू कमी होतात. श्वासनलिकांची सूज काही महिने रेंगाळते, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, असेल तर वर्षानुवर्षं. म्हणून "माजी धूम्रपान करणारा" एवढी चौकट पुरत नाही, शेवटच्या सिगारेटची तारीख हवी. व्हेप घेऊन सोडणारे आणि गम घेऊन किंवा काहीच न घेता सोडणारे, अशी तुलना करा आणि त्यात सोडल्याचा काळ व आयुष्यभरात ओढलेल्या सिगारेटी जुळवून घ्या. त्याहून बरं म्हणजे एकाच माणसाचे नमुने सोडण्याआधी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी घ्या. सिगारेट आणि व्हेप दोन्ही ओढणारे असतील तर त्यांचा गट वेगळा.

शिवाय "सोडली" म्हटलं की संपर्क संपला असं धरू नका. सिगारेट सोडायला काहींना ई-सिगारेट आणि काहींना गम-पॅच देणाऱ्या २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेट गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, गम-पॅचच्या गटात ९.९ टक्के. पण ई-सिगारेटने सोडलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढतच होते.

कायदा शेवटी आठवणं

ती ब्रिटिश चाचणी इथे तशीच करता येणार नाही. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. सहभागी व्यक्तीला यंत्र देणं बाद, आणि जमा केलेली यंत्रं "नमुने" म्हणून विभागाच्या कपाटात रचून ठेवायचा विचारही सोडा. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीसाठी सहा महिने किंवा पन्नास हजार. म्हणजे जे आधीच ओढतायत त्यांचं निरीक्षण, एवढंच हाती राहतं, आणि तेही एथिक्स कमिटीला आधी विचारून. माल चोरीछुपे आलेला असल्याने पाकिटावरच्या निकोटिनच्या आकड्यावर भरवसा नाही, आणि माणूसही खरं सांगायला बिचकतो. फॉर्मवर नावाऐवजी कोड असल्याचं त्याला दाखवा, नुसतं सांगू नका.

बाटलीतला रस थेट पेशींवर टाकणं

व्हेपमध्ये द्रव तापतो आणि तापल्यावर बदलतो. बर्मिंगहॅमच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की वाफेचा गोळा केलेला द्रव मॅक्रोफेजना मूळ द्रवापेक्षा जास्त मारक ठरतो. निकोटिन नसलेली वाफ "निर्दोष" धरून तुलनेला ठेवणंही तितकंच चुकीचं. ह्यूस्टनमधल्या २०१९ च्या प्रयोगात निकोटिनविना नुसत्या प्रॉपिलीन ग्लायकॉल-ग्लिसरिनच्या, म्हणजे व्हेपमधल्या मूळ द्रवाच्या, वाफेनेही उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये चरबी साठली आणि इन्फ्लुएन्झाशी झुंजताना ते उंदीर कमी पडले. आणि प्रस्तावनेत अमेरिकेतल्या २०१९ च्या इव्हालीचे, म्हणजे व्हेपमुळे फुप्फुसांना झालेल्या तीव्र इजेचे, मृत्यू टाकायचा मोह आवरा. त्याचा दाट संबंध टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकाच्या, मालातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी होता, तो वेगळा विषय आहे.

मुंबई विसरणं

खाऱ्या पाण्याचा फवारा श्वासातून देऊन कफ काढण्याआधी टीबी नाही ना, हे बघा. एक तर त्या खोलीतल्या सगळ्यांना धोका, दुसरं म्हणजे टीबीचे जंतू ज्या मॅक्रोफेजमध्ये ठाण मांडतात त्याच पेशी तुम्ही मोजणार आहात. खोली हवेशीर हवी, आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल द्या, आणि नमुना दोन तासांच्या आत प्रक्रियेला लावा. लाळेतल्या चपट्या पेशी फार दिसल्या तर नमुना बाद. एका गटाचे नमुने जुलैच्या फ्लूच्या साथीत आणि दुसऱ्याचे जानेवारीच्या धुरकटात घेतले, तर फरक ऋतूचा निघेल. दोन्ही गट एकाच महिन्यात बोलवा.

नमुने फ्रीझरमध्ये आणि तंबाखूचा प्रश्न विचारायचा राहिला, अशी वेळ आली तर फोन करून विचारा. बहुतेक जण सांगतात. लालबागच्या त्या गृहस्थांना आम्ही वगळलं नाही, "सिगारेट बंद, तंबाखू चालू" असा वेगळा गट उघडला. शेवटी तो व्हेपवाल्यांच्या गटापेक्षा मोठा निघाला.