युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी सुट्टीतील शिबिर भरवताना

सीमेवरच्या गावांत तोफांचा मारा सोसलेली मुले मे महिन्यात कोल्हापुरात आणायची असतील, तर पन्हाळा-रंकाळ्याच्या सहली आखण्याआधी मुलांसोबत राहणारी माणसे ठरवावीत. सहा-सात मुलांमागे एक प्रौढ असावा, तो शेवटच्या दिवसापर्यंत बदलू नये, आणि त्यांच्यापैकी काहींना तरी मुलांची भाषा यावी. पालकांची लेखी संमती आणि कार्यकर्त्यांची चारित्र्य पडताळणी गृहीतच आहे.

दिनक्रम साधा आणि रोज तोच ठेवावा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे, आजच्या गांधीनगरच्या जागी, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. सायबेरियातील हद्दपारी भोगून आलेल्या त्या मुलांसाठी तेथे शाळा, स्काउट पथके आणि नाटके सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा होते, जेवण मिळते, खेळायला सोबती असतात, एवढ्या खात्रीनेही भेदरलेल्या मुलाला आधार मिळतो.

जागा मंगल कार्यालयापासून दूर घ्यावी, कारण लग्नसराईतले फटाके आणि डॉल्बी यांचा धसका मुले घेऊ शकतात. वळीव मात्र टाळता येत नाही. दुपारी आभाळ भरून आले की मुलांना आधीच सांगावे, की आता गडगडेल, वीज चमकेल, हा पावसाचा आवाज आहे. तरीही एखादे मूल खाटेखाली शिरले, तर त्याला ओढून बाहेर काढू नये. जवळ जमिनीवर बसावे, हळू आवाजात त्याचे नाव घ्यावे, आपण कोठे आहोत ते सांगावे, पाय फरशीला टेकवून तिचा गारवा जाणवतो का ते विचारावे, आणि ते आपणहून बाहेर येईपर्यंत तेथेच थांबावे.

युद्धात काय पाहिले, हे कोणीही खोदून विचारू नये. पाहुण्यांसमोर मुलांना उभे करून अनुभव सांगायला लावणे हा तर त्यांच्यावर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो. मूल स्वतः बोलू लागले, तर हातातले काम ठेवून ऐकावे. चित्रात रणगाडा आला, तर त्याचा अर्थ विचारू नये. अंथरूण ओले झाले, तर चादर गुपचूप बदलावी. तांबड्या रश्श्याचा आग्रहही करू नये, ओळखीचे जेवण आधी द्यावे.

भीती, दुःस्वप्ने किंवा अबोला महिन्याहून अधिक टिकल्याचे पालकांकडून कळले, तर मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाने जीव देण्याची भाषा केली, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

पहिल्याच दिवशी भिंतीवर तारखांचा तक्ता लावावा आणि रोज संध्याकाळी मुलांकडूनच एक चौकोन रंगवून घ्यावा, म्हणजे निरोपाचा दिवस अचानक येत नाही. पत्र लिहिण्याचे वचन, जो खरोखर लिहिणार असेल त्यानेच द्यावे.