फॉलोअप करताना फ्रीलान्स लेखकांनी या चुका टाळा

‘छान आहे, बघून कळवतो,’ असं क्लायंट म्हणतो आणि मग दोन आठवडे काहीच येत नाही. अशा वेळी काही लेखक पुन्हा मेलच करत नाहीत, मागे लागल्यासारखं दिसेल म्हणून. काही जण तिसऱ्या दिवसापासून रोज विचारू लागतात. दोघांचाही समज एकच असतो: उत्तर नाही म्हणजे काम आवडलं नाही. खरं कारण बहुतेकदा याहून कंटाळवाणं असतं. बजेट वरिष्ठांकडे अडकलेलं असतं, वेबसाइटचं काम पुढे ढकललेलं असतं, किंवा तुमचा मेल फोनवर वाचून ‘संध्याकाळी उत्तर देऊ’ म्हणता म्हणता राहून गेलेला असतो. त्यामुळे फॉलोअपचं खरं काम म्हणजे उत्तर देणं सोपं करणं.

‘सहज विचारतोय’ एवढाच मेल

ही चूक सर्रास होते. ‘माझ्या मेलचं काय झालं, सहज विचारतोय’ असं लिहिलं की समोरच्याला जुना मेल शोधावा लागतो, विषय आठवावा लागतो आणि मग निर्णयही घ्यावा लागतो. एवढी खटपट करण्यापेक्षा तो मेल बंद करतो. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘नमस्कार, तुमच्या उत्पादनांच्या पानांसाठी मागच्या आठवड्यात प्रस्ताव पाठवला होता: सहा पानं, प्रत्येकी साधारण 400 शब्द. होकार मिळाल्यापासून आठ दिवसांत पहिली दोन पानं देऊ शकेन. सुरुवात या महिन्यात करायची की पुढच्या?’

सगळा संदर्भ इथेच आहे आणि उत्तर एका शब्दात देता येतं. ‘पुढच्या’ असं उत्तर आलं तरी तुमचं काम झालं. जमलं तर सोबत एखादी नवी गोष्ट द्या: त्यांच्याच विषयावरचा तुमचा ताजा लेख, किंवा त्यांच्या साइटवर खरोखर खटकलेली एखादी जागा. मात्र ओढूनताणून कौतुक करू नका, ते लगेच कळतं. ‘त्रास देतोय, क्षमस्व’ आणि ‘आपलं उत्तर अद्याप आलेलं नाही’ ही दोन्ही वाक्यं काढून टाका. पहिल्यात अजिजी आहे, दुसऱ्यात टोमणा.

प्रत्येक वेळी नवा मेल

फॉलोअप जुन्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा. विषयाची ओळ बदलली की जीमेलमध्ये नवा थ्रेड तयार होतो आणि आधीचा प्रस्ताव वेगळाच पडून राहतो. अपवाद एकच: आधीच्या विषयाच्या ओळीत नुसतं ‘नमस्कार’ किंवा ‘कामाबद्दल’ असेल, तर नव्याने आणि नेमक्या विषयासह लिहिलेलं बरं.

सगळ्यांना एकच वेळापत्रक

ओळख नसताना पाठवलेल्या प्रस्तावाला कामाचे पाच-सात दिवस द्यावेत. क्लायंटने स्वतःहून कोटेशन मागितलं असेल तर तीन-चार दिवसांनी विचारण्यात काहीच वावगं नाही. तिथे उशीर केला तर काम दुसऱ्याकडे जातं. ‘पुढच्या महिन्यात बोलू’ म्हणाले असतील तर पुढच्या महिन्यातच बोला. नियतकालिकाने उत्तराची मुदत जाहीर केली असेल, तर ती संपेपर्यंत गप्प बसायचं. हे सगळं डोक्यात राहत नाही. साध्या शीटमध्ये नाव, काय पाठवलं, कधी पाठवलं आणि पुढची तारीख असे चार रकाने पुरतात.

‘मेल उघडला’ या खुणेवर विश्वास

मेल ट्रॅक करणारी साधनं मेलमध्ये एक न दिसणारं चित्र ठेवतात आणि ते लोड झालं की मेल वाचला असं धरतात. पण 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच लोड करून ठेवण्याची सोय आहे. माणसाने मेल उघडला नसला तरी. त्यामुळे ही खूण फसवी. ‘तुम्ही मेल तीनदा उघडलेला दिसला’ असं तर कधीच लिहू नये. पाळत ठेवल्यासारखं वाटतं. व्हॉट्सॲपची निळी टिकही याच माळेतली. मुळात बोलणं मेलवर सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी व्हॉट्सॲप, लिंक्डइन आणि फोन असा चहूबाजूंनी वेढा घालू नका.

न मागता दर कमी करणं

शांतता असह्य झाली की ‘दर कमी करायला तयार आहे’ असं लिहायची घाई होते. समोरच्याने पैशांचा विषयच काढलेला नसतो. आता त्याला दोन गोष्टी कळतात: पहिला दर फुगवलेला होता आणि तुमच्याकडे काम नाही. बजेटची अडचण त्यांनी सांगितलीच, तर काम कमी करा: सहाऐवजी तीन पानं, किंवा दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांऐवजी एक. दर तसाच ठेवा.

तरीही उत्तर नाही? आधी हे तपासा

नमुन्याची लिंक उघडते का? गूगल डॉक्सची फाइल मुळात फक्त तुम्हालाच दिसते. शेअरिंग बदललं नसेल तर क्लायंटला परवानगी मागणारं पान दिसतं. तो ती मागत बसत नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक स्वतः उघडून बघा.

स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवत असाल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी तपासा; मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला आहे हे त्या पटवतात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला यांतली किमान एक लागते. नसेल तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा परत येतो. दुसऱ्या सेवेवरच्या स्वतःच्या पत्त्यावर एक मेल पाठवून तो कुठे पडतो ते बघा.

आणि ज्याला लिहिताय तो निर्णय घेणारा आहे का? नसेल तर ‘याबद्दल कोणाशी बोलावं?’ एवढं विचारा.

हे सगळं ठीक असूनही दोन फॉलोअप कोरडे गेले, तर तिसरा शेवटचा: ‘सध्या हा विषय मागे पडलेला दिसतो, त्यामुळे मी तूर्तास थांबतो. पुढे गरज पडली तर याच मेलवर कळवा.’ गंमत म्हणजे कधीकधी उत्तर यालाच येतं. ते काही महिन्यांनी आलं तर ‘हो’ म्हणण्याआधी दर आणि तारीख नव्याने लिहून पाठवा. जुन्या कोटेशनवर काम सुरू करू नका.